खिडकी आणि आज्ञा

संगणक घरोघर आला, त्याबरोबर त्याच्याशीं वागण्याची एक रीतहि घरोघर आली. पडद्यावर लहान लहान चित्रें असतात; हव्या त्या चित्रावर माऊस टेकवून कळ दाबावी, म्हणजे खिडकी उघडते; कोपऱ्यांतील फुलीवर दाबावी, म्हणजे ती मिटते. महाराष्ट्रांत २००१ नंतर एमएस-सीआयटीच्या अभ्यासक्रमानें लाखों लोकांस हीच रीत शिकविली. ती मुळींच वाईट नव्हे. लहान मुलास व वृद्धास सारखीच सोयीची पडेल अशी दुसरी रीत सांपडणें कठीण. परंतु तिला एक मर्यादा आहे. खिडकी आपलें ऐकते तोंवरच ती चालते. खिडकी गोठली, फुली दाबली तरी मिटेना, माऊसच्या जागीं नुसतें एक वर्तुळ गरगर फिरूं लागलें, कीं बहुतेक घरांत एकच उपाय केला जातो. तो म्हणजे यंत्राची वीज तोडणें. दार उघडेना म्हणून भिंत पाडण्यासारखाच हा प्रकार होय. त्या एका खिडकीबरोबर शेजारच्या चार खिडक्यांतील कामहि बुडतें, आणि कधींकधीं ज्या फाइलीवर लिहिणें चाललें होतें ती फाइलच अर्धवट होऊन राहते.

अशा प्रसंगीं उपयोगी पडणारी, आणि एरवींहि पुष्कळ कामें सोपीं करणारी, दुसरी एक रीत आहे. ती लेखी आज्ञेची रीत होय. पडद्यावरील खिडक्यांचे प्रोग्रॅम लेखी आज्ञेनें सुरू कसे करावे व थांबवावे कसे, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

ही रीत खिडक्यांच्या रीतीहून वयानें वडील आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत ‘टिफ्रॅक’ हें भारतांत बांधलेलें संगणकयंत्र १९६० सालीं पूर्णपणें कामास लागलें. त्याच संस्थेंत १९६४ सालीं सीडीसी ३६०० हें अमेरिकन यंत्र आलें. त्या काळीं छिद्रें पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा यंत्राच्या स्वाधीन करावयाचा व उत्तराची वाट पाहत बसावयाचें, अशी पद्धत होती. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स या व्यवस्थेचा पाया घातला. तिच्यांत मनुष्यानें एक ओळ टाइप करावी व यंत्रानें लागलेंच तिचें उत्तर द्यावें, असा संवाद चाले. १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें त्याच धर्तीवर लिनक्सचा आरंभ केला. आज लिनक्स आणि ॲपलचें मॅक हीं दोन्ही युनिक्सच्याच वळणाचीं आहेत. विंडोजचें घराणें निराळें असलें, तरी लेखी आज्ञेची सोय तेथेंहि आहे. ज्या साध्या चौकटींत या आज्ञा टाइप करावयाच्या तिला टर्मिनल म्हणतात. ती चौकट काळी व उदास दिसते. पण दिसण्यावरून तिच्याविषयीं ग्रह करून घेऊं नये.

प्रथम एक भेद मनांत पक्का करूं. बीड जिल्ह्यांत मांजरसुंब्याजवळ बालाघाटाच्या डोंगरांत कपिलधार हें क्षेत्र आहे. संतकवि मन्मथस्वामी यांची समाधि तेथें असून, कार्तिकी पौर्णिमेस वीरशैव समाजाची मोठी यात्रा भरते. गांवोगांवच्या दिंड्या पायीं चालत येतात. पावसाळ्यांत तेथें कड्यावरून धबधबा कोसळतो. खालीं उभ्या असलेल्या मनुष्यास धार दिसते. परंतु वरच्या अंगास ज्या ओढ्यानें तें पाणी आणून सोडलें, तो ओढा त्यास दिसत नाहीं. धार खुंटली तर खालच्या कुंडाशीं खटपट करण्यांत अर्थ नसतो. वर जाऊन पाणी कोठें अडलें आहे तें पाहावें लागतें. संगणकाची खिडकी ही अशीच खालून दिसणारी धार होय. तिच्या मागें, पडद्यावर न दिसणारा असा एक चालता कारभार असतो. त्यास प्रोसेस म्हणतात. यंत्र प्रत्येक प्रोसेसला एक क्रमांक देतें. खिडकी गोठते तेव्हां खरोखर गोठलेली असते ती प्रोसेस. टर्मिनल आपणांस तिच्यापर्यंत पोंचवितें, आणि गोठलेल्या खिडकीची त्यासाठीं मुळींच गरज लागत नाहीं. लेखी आज्ञेचें सारें सामर्थ्य एवढ्यांतच आहे.

आतां प्रारंभाकडे वळूं. लिनक्सच्या टर्मिनलमध्यें प्रोग्रॅमचें नांव टाइप करून एंटर दाबलें, कीं तो सुरू होतो. मात्र येथें मराठी मनुष्यास एक अडचण येते. ग्नोम व केडीई या डेस्कटॉपांचीं मराठी भाषांतरें झालेलीं आहेत, त्यामुळें यादींत प्रोग्रॅमचें नांव आपणांस मराठींत दिसूं शकतें. पण टर्मिनलमध्यें त्याचें मूळचें इंग्रजी नांवच द्यावें लागतें, आणि तें पुष्कळदां पडद्यावरील नांवाहून अगदीं वेगळें असतें. ग्नोमचा फाइली दाखविणारा प्रोग्रॅम पडद्यावर ‘फाइल्स’ म्हणून मिरवतो. टर्मिनलला तो ‘नॉटिलस’ या नांवानें ठाऊक आहे. एखाद्या मुलाचें पाळण्यांतील नांव एक व हाकेचें दुसरें असावें, तसाच हा प्रकार होय. दोन्हीं नांवें माहीत असलेला मनुष्य कोठें अडत नाहीं.

नांव टाइप करून प्रोग्रॅम सुरू केला म्हणजे टर्मिनल त्या प्रोग्रॅमची वाट पाहत थांबतें. खिडकी मिटेपर्यंत पुढची आज्ञा घेत नाहीं. तें गोठलें असें समजून कित्येक लोक घाबरतात. त्यावर उपाय सोपा आहे. नांवाच्या शेवटीं इंग्रजींत ‘अँड’ या शब्दाऐवजीं लिहितात तें चिन्ह द्यावें. मग प्रोग्रॅम मागल्या अंगानें चालूं लागतो व टर्मिनल दुसऱ्या आज्ञेस मोकळें होतें. तरीहि दोघांचा संबंध तुटलेला नसतो. टर्मिनलची चौकट मिटली तर तींतून निघालेल्या प्रोग्रॅमला ‘हँगअप’ नांवाचा संदेश जाऊं शकतो व तोहि बंद पडतो. दूरच्या यंत्राशीं टेलिफोनच्या तारेवरून काम चाले त्या काळचें हें नांव आहे; पलीकडून फोन ठेवला गेला, एवढाच त्याचा अर्थ. हें टाळावयाचें असल्यास आज्ञेच्या आरंभीं ‘नोहप’ हा शब्द द्यावा. फोन ठेवला गेला तरी तिकडे लक्ष देऊं नये, असें त्यानें प्रोग्रॅमला आधींच बजावून ठेवलें जातें.

येथें एक सापळा सांगून ठेवला पाहिजे. लिहितांना झालेली चूक मागें घेण्यासाठीं कंट्रोल व झेड या कळा एकत्र दाबण्याची आपणांस संवय असते. टर्मिनलमध्यें त्याच कळांचा अर्थ अगदीं निराळा आहे. तेथें त्या दाबल्या कीं समोर चालूं असलेला प्रोग्रॅम जागच्या जागीं थिजतो. खिडकी दिसते, पण हलत नाहीं. तो मेलेला नसतो. त्यास फक्त थांब म्हटलेलें असतें. ‘बी-जी’ हीं दोन अक्षरें टाइप केलीं कीं तो मागल्या अंगानें पुन्हा चालूं लागतो, आणि ‘एफ-जी’ म्हटलें कीं पुन्हा समोर येतो. कंट्रोल व सी या कळांचा अर्थ मात्र ‘काम सोड’ असा आहे. त्यांनीं प्रोग्रॅम बहुधा संपतोच. या दोहोंतील फरक न कळल्यामुळें जिवंत प्रोग्रॅमला मेलेला समजून यंत्र बंद करणारे लोक पुष्कळ आहेत.

लेखी आज्ञेनें आरंभ करण्याचा एक फायदा चित्रावर कळ दाबून मिळणें कठीण आहे. प्रोग्रॅमच्या नांवापूर्वीं अटी घालतां येतात. यंत्रावर मराठीची सामग्री बसविलेली असेल, तर ‘लँग्वेज’ हा शब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांत, पुढें बरोबरीचें चिन्ह, पुढें एम व आर हीं अक्षरें, आणि मग एक जागा सोडून प्रोग्रॅमचें नांव, अशी ओळ टाइप करावी. ज्या प्रोग्रॅमचें मराठी भाषांतर झालेलें आहे तो तेवढ्यापुरता मराठींत उघडतो. बाकीचें यंत्र इंग्रजींतच राहतें. एकाच यंत्रावर आजीस मराठी व नातवास इंग्रजी, अशी वांटणी भांडणाशिवाय होऊं शकते.

आतां थांबविण्याकडे येऊं. भाषणाचा जड भाग तोच आहे, कारण प्रारंभ चुकला तर पुन्हा करतां येतो. शेवट चुकला तर कांहीं वेळां भरून येत नाहीं.

समजा, लातूर किंवा पुण्याचें एखादें कुटुंब कपिलधारेस जाणाऱ्या दिंडीची व्यवस्था पाहत आहे. यात्रेकरूंचीं नांवें, वय, कोणास कोणतें औषध लागतें, घरीं कोणास कळवावें, अशी यादी लिब्रेऑफिसच्या एका खिडकींत चालली आहे. त्याच संध्याकाळीं दुसऱ्या खिडकींत आजीनें तोंडानें सांगितलेल्या ओव्या नात उतरून घेत आहे. रात्रीं यादीची खिडकी गोठते. यादी पुन्हा करतां येईल. चार ठिकाणीं फोन करावे लागतील एवढेंच. पण आजीच्या ओव्या सकाळीं पुन्हा तशाच, त्याच क्रमानें आठवतील अशी खात्री कोणी द्यावी? आणि नेमकी येथेंच गांठ आहे. लिब्रेऑफिसच्या खिडक्या किती असल्या तरी त्या सर्वांच्या मागें सामान्यतः एकच प्रोसेस असते. यादीची खिडकी म्हणून ती प्रोसेस मारली, तर ओव्यांची खिडकीहि तिच्याबरोबर जाते.

म्हणून पहिली पायरी थांबण्याची. मोठी फाइल, भरलेली स्मृति किंवा मंद पेनड्राइव्ह यांमुळें प्रोग्रॅम मिनिट दोन मिनिटें निरुत्तर राहतो व मग आपोआप वाटेस लागतो. टर्मिनलमध्यें ‘टॉप’ ही आज्ञा दिली कीं कोणती प्रोसेस यंत्राचें किती बळ खात आहे तें समोर दिसतें. आपली प्रोसेस भरपूर बळ खात असेल तर ती कदाचित् कामांतच असेल. या अवकाशांत, पूर्वीं जतन झालेल्या फाइलीची ‘सी-पी’ या आज्ञेनें एक प्रत दुसऱ्या नांवानें करून ठेवावी. पुढें कांहींहि झालें तरी तेवढें हातीं राहतें.

दुसरी पायरी विनंतीची. एक्स या खिडकी-व्यवस्थेवर ‘डब्ल्यूएम-कंट्रोल’ नांवाचें एक साधन बसवून घेतां येतें. तें खिडकीच्या मथळ्यावरून तिला मिटण्याची विनंति करतें. फुली दाबणें व ही विनंति यांचा अर्थ एकच. म्हणून ‘जतन करूं काय?’ हा प्रश्न प्रोग्रॅम येथेंहि विचारतो. वेलंड या नव्या व्यवस्थेंतील स्वतःच्या खिडक्यांवर मात्र हें साधन चालत नाहीं. आणि प्रोग्रॅम खरोखरच गोठला असेल तर तो विनंति तरी कशी ऐकणार?

तेव्हां तिसरी पायरी. ‘पीग्रेप’ या आज्ञेपुढें नांव दिलें कीं त्या नांवाच्या प्रोसेसचा क्रमांक मिळतो. लिब्रेऑफिसच्या प्रोसेसचें नांव ‘एसऑफिस’ असें आहे. मग ‘किल’ ही आज्ञा व तो क्रमांक टाइप करावा. या आज्ञेचें नांव भयंकर आहे व फसवेंहि आहे. मारणें हें तिचें काम नसून संदेश पोंचविणें हें तिचें काम आहे. संदेशांस क्रमांक असतात. कोणताच क्रमांक न दिल्यास १५ क्रमांकाचा संदेश जातो. त्याचा भावार्थ, ‘आतां आवरतें घ्या’. सुसंस्कृत प्रोग्रॅम तो ऐकून उघडलेल्या फाइली नीट मिटतो, तात्पुरते कागद उचलतो व निघतो. परंतु हा संदेश म्हणजे फुली दाबणें नव्हे. पुष्कळ खिडकीवाले प्रोग्रॅम १५ क्रमांक मिळाला कीं जतन करण्याविषयीं कांहीं न विचारतां निघून जातात. म्हणून विनंतीची पायरी आधीं व ही नंतर.

चौथी पायरी ९ क्रमांकाची. ‘किल’, उणें चिन्ह, ९ आणि प्रोसेसचा क्रमांक. हा संदेश प्रोग्रॅमच्या कानीं पडतच नाहीं. यंत्राचा मूळ कारभारी, ज्यास कर्नल म्हणतात, तो परस्पर त्या प्रोसेसचा शेवट करतो. तिला आवरण्यास क्षणहि मिळत नाहीं. मनुष्य पान उलटतां उलटतां उचलून न्यावा, दिवा जळत राहावा, दार उघडें राहावें, तशी स्थिति मागें उरते. लिब्रेऑफिस उघडलेल्या फाइलीशेजारीं आपल्या कुलपाची एक दडलेली फाइल ठेवीत असतें. ९ क्रमांकानें तें गेलें तर ती मागें राहूं शकते, आणि पुढल्या वेळीं कधींकधीं ‘ही फाइल वापरांत आहे’ असें सांगून तें आपल्यालाच अडवूं पाहतें. तेव्हां घाबरूं नये. तें कुलूप आपलेंच असतें. त्याच प्रोग्रॅमांत ठराविक मिनिटांनीं आपोआप राखण ठेवण्याची सोय आहे. ती चालूं असल्यास, पुन्हा उघडतांना तो जुनें काम परत देऊं करतो. तो देकार नाकारूं नये. आजीच्या ओव्या सांपडल्या तर तेथेंच सांपडतील.

विशेष म्हणजे ९ क्रमांकहि सर्वत्र चालत नाहीं. प्रोसेस एखाद्या बिघडलेल्या डिस्कच्या किंवा पेनड्राइव्हच्या उत्तराची वाट पाहत अडकली असेल, तर तें उत्तर येईपर्यंत तिला मरणहि येत नाहीं. दुसरा प्रकार याहून चमत्कारिक आहे. जी प्रोसेस दुसरीस जन्म देते तिला तिची माता म्हणूं. अपत्य संपलें कीं त्याची नोंद मातेनें घ्यावयाची असते. मातेनें ती घेतली नाहीं, तर अपत्य मरूनहि यादींत नांवापुरतें राहतें. अशास ‘झाँबी’ म्हणतात. मेलेल्यास पुन्हा मारतां येत नाहीं. मातेस थांबविलें कीं ती नोंदहि सामान्यतः निघून जाते. आपल्याकडे मृत्यूची नोंद ग्रामपंचायतींत झाल्याशिवाय कागदोपत्रीं मनुष्य जिवंतच राहतो, त्यांतलाच हा प्रकार.

विंडोजवरहि हा विवेक तसाच लागू आहे. तेथें ‘स्टार्ट’ या शब्दापुढें नांव दिलें कीं प्रोग्रॅम सुरू होतो. ‘टास्कलिस्ट’ म्हटलें कीं प्रोसेसांची यादी येते. आणि २००१ सालच्या विंडोज एक्सपीपासून ‘टास्ककिल’ ही थांबविण्याची आज्ञा मिळाली आहे. ती साधी दिली तर खिडकीस मिटण्याची विनंति जाते व जतन करण्याचा प्रश्न विचारला जातो. तिच्यापुढें तिरपी रेघ व ‘एफ’ हें अक्षर जोडलें कीं ती सक्तीची होते. एका अक्षरानें विनंतीचा हुकूम होतो, हें ध्यानांत असावें.

सावधगिरीच्या दोन गोष्टी. नांवावरून प्रोसेस थांबविणारी ‘पीकिल’ ही आज्ञा सोयीची खरी. पण दिलेलीं अक्षरें ज्या ज्या नांवांत सांपडतील त्या सर्वांस ती संदेश धाडते. म्हणून त्याच अक्षरांनीं आधीं ‘पीग्रेप’ चालवून कोणाकोणावर घाला पडणार आहे तें पाहावें. दुसरी गोष्ट अधिकाराची. साध्या वापरकर्त्यास आपल्याच प्रोसेसांस संदेश देतां येतो. इतरांच्या किंवा यंत्राच्या कारभाराच्या प्रोसेसांस तो देऊं शकत नाहीं. ही मर्यादा आपल्या रक्षणासाठीं आहे. कोणीतरी सांगितलेली ओळ समजल्याशिवाय मुख्य अधिकाऱ्याच्या नांवें चालविणें म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणें होय.

हें सर्व शिकण्यास इंग्रजीचें मोठें ज्ञान लागतें अशी समजूत आहे. ती खरी नव्हे. पवई येथील आयआयटी मुंबईनें प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखालीं ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम चालविला. त्यांतील प्रत्येक पाठ सुमारें दहा मिनिटांचा असतो. पडद्यावर इंग्रजी आज्ञा दिसतात व कानावर आपली भाषा येते. लिनक्सच्या पाठमालेंत प्रोसेसवर स्वतंत्र पाठ आहे, आणि मराठींतून बोललेले पाठहि उपलब्ध आहेत. आज्ञांचीं अक्षरें इंग्रजी असलीं तरी त्यांमागचा विचार कोणत्याहि भाषेंत मांडतां येतो, हें त्या उपक्रमानें दाखवून दिलें आहे.

या आज्ञा पाठ करण्याची आवश्यकता नाहीं. घरांतील वहीच्या एका पानावर चार ओळी लिहून यंत्राजवळ ठेवाव्या: प्रथम थांबावें व प्रत करावी, मग विनंति करावी, मग १५, आणि अगदीं शेवटीं ९. क्रम मात्र उलटा करूं नये. ९ क्रमांक पहिल्यानेंच देऊन मिनिटभर वांचविण्याचा मोह होतो; पण एखाद्या रात्रीं शेजारच्या खिडकींत कोणाच्या ओव्या अर्ध्या लिहून झालेल्या असतील, हें यंत्रास ठाऊक नसतें. तें ठाऊक असतें तें आपल्याला.